सासरच्या गावाचा रकाना

आत्ये, काल तुझं तेरावं झालं. पंगतीला बसलो, पान वाढलं, आणि दोन घास खाऊन उठलो. लोकांना वाटलं, संतोषचा आत्यावर फार जीव. तुझ्या बाळूची बायको मागनं पाणी घेऊन आली. जीव होताच गं, पण उठलो ते दुसऱ्याच कारणानं. समोरच्या पंगतीत नाना बसले होते. भात कालवता कालवता म्हणाले, "संतोष, माहेरवाशिणींची यादी रविवारी छापायला टाक. फिक्स झालीय ना?" मी मान हलवली. त्या यादीत दीडशेच्या आसपास बायका आहेत, एकूणएक नाव तू सांगितलेलं, आणि तुझं स्वतःचं नाव तिच्यात नव्हतं. राहून गेलं म्हणावं तर तसंही नाही. तू विचारलं होतंस, आणि मी नाही म्हणालो होतो.

तेव्हापासून मला बसवत नाही. हे लिहायला घेतल्यापासून तीनदा उठलो. एकदा तर उगाचच गाडी काढून आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आलो. बायको म्हणाली, "काय चाललंय तुमचं? एका जागी बसा की जरा." तिला काय सांगू? तुलाच सांगतो.

सगळं वाडीच्या मंडळाच्या त्या मीटिंगमध्ये सुरू झालं. देवळाचं काम संपत आलेलं, कळस चढवायचा, आणि त्या दिवशी वाडीच्या सगळ्या माहेरवाशिणींना बोलावून त्यांची ओटी भरायची असं ठरलं. साडी, खण, नारळ, सगळं रीतीप्रमाणे. नाना मंडळाचे अध्यक्ष, जन्म मुंबईत नोकरीत गेला, त्यांना सगळं पद्धतशीर लागतं. त्यांनी मंडळाची वही काढली. वहीत घरटी एक पुरुष. त्याच्याखाली त्याचे मुलगे. मुलींचं नाव कुठंच नाही. नव्वद वर्षांच्या म्हातारीपासून परवा लग्न होऊन गेलेल्या पोरीपर्यंत कुणाचाच पत्ता नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मला चेव आला. मी म्हणालो, "मी डेटाबेस करतो."

कंपनीत मी तेच करतो. आठवडाभर बिरवाडीत खोली घेऊन राहतो, रविवारी वाडीत घरी येतो. दिवसभर कोणता टँकर कुठं गेला ते टेबलांत भरतो. टँकरचं एक टेबल, फेऱ्यांचं दुसरं, मध्ये जोडणी. एकदा जमलं की मग माणसाला वाटायला लागतं, जगात असं काहीच नाही जे टेबलात बसणार नाही. मला तसंच वाटत होतं. कुणीतरी मागनं ओरडलं, "शेवंताला विचार. तिला सगळ्या पोरी म्हाईत हायत." तू अख्ख्या वाडीची आत्या, तुला माहीत असणारच. वाडीतल्या कुठल्या पोरीचं बाळंतपण करायला तू गेली नाहीस? पायी गेलीस, एसटीनं गेलीस, एकदा टेम्पोत बसून गेलीस. प्रत्येकीचं सासर तुझ्या पायाखालचं.

मग दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन तुझ्या ओट्यावर. तू आधी भाकरी खायला घालायचीस, मग माझे हात धुतलेत का बघायचीस, आणि स्वतः मात्र ओल्या बोटानं स्क्रीन दाबायचीस. किती वेळा सांगितलं, आत्ये, तिथं दाबून काही होत नाही. "मग कुटं दाबू?" कुठंच दाबू नको. "मग मला दाखवतोस कशाला?"

मी तुला टेबलं समजावून सांगितली होती. एक टेबल घरांचं, प्रत्येक घराला नंबर. दुसरं मुलींचं. तिसरं गावांचं, कारण सासरच्या गावाचं नाव दरवेळी हातानं टाइप केलं की बिरवाडी एकदा ऱ्हस्व पडते, एकदा दीर्घ, आणि मशीनला वाटतं दोन गावं आहेत. म्हणून गावं एकदाच लिहायची आणि मग त्यातनं निवडायची. मग मी ती जोडण्यांची खिडकी उघडली. घराच्या टेबलापासून मुलींच्या टेबलापर्यंत एक रेघ, घराच्या बाजूला एकचा आकडा, मुलींच्या बाजूला ती अनंताची खूण.

"हा आठ आडवा कशापायी पडलाय?" तू विचारलंस.

"म्हणजे एका घराच्या कितीही मुली."

"कितीबी?"

"कितीबी."

"मग बरं हाय. आमच्या बापाला पाच व्हत्या, तवा लोकं त्याला तोंडावर हसायची." आणि तू अशी हसलीस की तुला ठसका लागला. मला डेटाबेस शिकवणाऱ्या सरांना एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते तुला एका वाक्यात जमलं. ती खूण बघून मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

भांडणं तर किती झाली. पहिलं भांडण नावाचं. मी मुलीच्या नावाला एकच रकाना ठेवला होता. तू शांती सांगितलंस, मी शांती लिहिलं, फोन नंबर मिळवला आणि तुझ्यासमोरच लावला. तिकडनं पुरुषाचा आवाज. मी म्हटलं, शांतीताई आहेत का? तो म्हणाला, इथं कोणी शांती राहत नाही, राँग नंबर. आणि ठेवला. मी तुझ्यावर चिडलो, चुकीचा नंबर देतेस म्हणून. तू कपाळावर हात मारलास. "अरे बाबा, लग्नात तिचं नाव वैशाली ठेवलंय. घरधन्याला काय ठावं शांती कोण!" तीस वर्षं संसार केलेला माणूस, आणि त्याला बायकोचं पहिलं नाव आठवेना. पुन्हा फोन लावला, वैशालीताईंना मागितलं. त्या आल्या, आणि तू माझ्या हातातनं फोन ओढून घेऊन मोठ्यानं हाक मारलीस, "शांते!"  पलीकडनं रडण्याचा आवाज आला. तू म्हणालीस, "रडतीस काय गो, कळसाला ये."

त्या दिवशी मी दोन रकाने केले, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. हे शहाणपण तुझं. मी एकट्यानं यादी केली असती तर निम्म्या बायकांना त्यांच्याच घरी कुणी ओळखलं नसतं.

दुसरं भांडण वांग्याचं. तू नाव सांगितलंस की त्याच्या मागनं पुराण सुरू. हिला वांगं चालत नाही, अंगावर उठतं. हिचा गुडघा गेलाय, हिला खालच्या घरात उतरवा. हिची सासू कडक, तिलाबी आमंत्रण द्या, नायतर सोडणार नाय. मी म्हणायचो, "आत्ये, याला माझ्याकडं रकाना नाही." तू म्हणायचीस, "मग कर." तू गप्प बसावीस म्हणून मी शेवटी 'शेरा' नावाचा रकाना वाढवला आणि त्यात लिहिलं, वांगं चालत नाही. पंधरा सेकंदांत केला. परवा आचाऱ्याला मी तो कागद काढून दिला, तर तो म्हणाला, असं कुठल्याच गावानं मला कधी दिलं नव्हतं.

ते पंधरा सेकंद आता मला छळतायत. कारण वांग्यासाठी मी टेबल बदललं.

त्या रविवारचं तू विसरली असशील असं मी स्वतःला सांगत होतो. घर नंबर सातच्या पोरी चालल्या होत्या. तुझं घर. तुझ्या चार बहिणींची नावं झाली. मी विचारलं, "झाल्या सगळ्या?" तू पदरानं तोंड पुसलंस आणि अगदी सहज, वाल सोलता सोलता बोलावं तसं, म्हणालीस, "आन माझं रे?"

मी म्हणालो, "तुझं सासरचं गाव कुठलं घालू?"

 लग्न होऊन गेलीस आणि चार महिन्यांत परत आलीस, एवढंच वाडीला माहीत. का आलीस ते विचारायची कुणाची टाप नव्हती, माझी तर मुळीच नाही. पुढची पन्नास वर्षं भावाच्या घरात काढलीस, पुतण्याला, बाळूला वाढवलंस. मी म्हणालो, "ते गाव भरल्याशिवाय मशीन पुढं जात नाही, आत्ये."

"मग हितलंच लिव. माहेर हितं, सासरबी हितंच."

"असं खोटं घालता येत नाही. डेटा खराब होतो."

तुझ्या तोंडावर, तुझ्या ओट्यावर, तुझी भाकरी खाऊन मी हे म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी अक्कल पाजळली. म्हणालो, "आणि माहेरवाशीण म्हणजे सासरी गेलेली. तू तर इथंच आहेस. तुला कशाला आमंत्रण?"

तू म्हणालीस, "व्हय, ते बी खरं." आणि मग, "लिव पुढची. घर नंबर आठ."

खरं काय ते आता सांगतो. सासरच्या गावाचा रकाना भरलाच पाहिजे, ही अट मशीनची नव्हती. ती मी घातली होती. टेबल करताना खाली एक ओळ असते, हा रकाना आवश्यक आहे का, हो की नाही. मी पहिल्याच दिवशी 'हो' केलं, कारण मला अर्धवट ओळी आवडत नाहीत. गावांच्या टेबलाशी जोडणी असली तरी मशीन एवढंच बघतं की खोटं गाव येऊ नये. रिकामं त्याला चालतं. हे मला माहीत होतं, त्या दिवशीही माहीत होतं. 'हो'चं 'नाही' करायला तुझा एक वाल सोलून व्हायच्या आत झालं असतं.

का नाही केलं? गेले तेरा दिवस मी हेच उकरतोय. आळस म्हणावा तर वांग्याला केला नाही. खरं म्हणजे मला नाना दिसले. मीटिंगमध्ये यादी वाचली जाणार, तुझं नाव येणार, कुणीतरी विचारणार, ही कशी? आणि मग चार पुरुषांसमोर तुझी ती चार महिन्यांची गोष्ट निघणार, आणि मला उभं राहून बोलावं लागणार. मला बोलायचं नव्हतं. समोर मशीन होतं, त्याच्यावर ढकललं. शुद्ध भित्रेपणा होता, आत्ये, दुसरं काही नव्हतं.

त्यानंतरही दोन महिने तू तशीच बसलीस माझ्याबरोबर. कधी आवाज चढवला नाहीस, उलट मला दर आठवड्याला डबा बांधून दिलास. मी मनात म्हणायचो, बघ, तिला काही वाटलं नाही. आणि मग एका मंगळवारी सकाळी बाळूचा फोन आला की तू चहा घेतलास, ओट्यावर टेकलीस आणि गेलीस. मी कंपनीच्या गेटवर उभा होतो. पहिला विचार काय आला सांगू? देवा, ते 'नाही' करायचं राहिलं.

काल पंगतीतनं उठून मी घरी गेलो आणि लॅपटॉप उघडला. टेबलाची ती रचनेची बाजू काढली, 'हो'चं 'नाही' केलं, सेव्ह केलं. मशीननं कुरकुर केली नाही. घर नंबर सात. माहेरचं नाव, शेवंता. सासरचं नाव... तिथं माझा हात थांबला. लग्नात तुझं नाव काय ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं. सगळ्या गावच्या बायकांची दोन-दोन नावं मी तुझ्याकडनं घेतली आणि तुझं दुसरं कधी विचारलं नाही. ते रिकामं ठेवलं. शेऱ्यात काय लिहावं सुचेना, तेही रिकामं ठेवलं.

आज सकाळी नानांना फोन केला. आधी त्यांना कळेचना. मग म्हणाले, "अरे, गेलेल्या माणसाला इन्व्हिटेशन कोण देतं? लोक हसतील."

मी म्हणालो, "आमंत्रण नाही हो, नाना. यादीत नाव."

"संतोष, मला शेवंताबद्दल रिस्पेक्ट आहे. काल पंगतीचं तांदूळ मी दिलं. पण एकीला घेतलंस की बाकीच्या पण विचारणार. सुंदरबाय हाय, वरच्या आळीची लक्ष्मी हाय, सगुणा हाय. त्यांना काय सांगणार तू? फालतू टेन्शन. आहे तशी छाप."

फोन ठेवला आणि मी तसाच उभा राहिलो. बाकीच्या. सासरहून परत आलेल्या, भावांच्या घरात राहणाऱ्या तिघीजणी, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सुंदरबायच्या हातचं लोणचं माझ्या फडताळात आहे. मी तुझ्या एकटीच्या नावासाठी कासावीस झालो होतो, आणि त्यांचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. नाना वाईट माणूस नाही, आत्ये. निदान त्यांना त्या तिघी आठवत तरी होत्या.

लॅपटॉप काखेत मारला आणि सुंदरबायकडं गेलो. ती पडवीत सुपात नाचणी पाखडत होती. "ये रे. शेवंताचं नीट झालं ना सगळं?" म्हणाली.

मी बसलोही नाही. म्हणालो, "सुंदरबाय, तुझं नाव घ्यायला आलोय. कळसाच्या यादीत."

तिचं सूप थांबलं. "आमचं? आमचं तर मशीन घेत नाय ना?"

"कोण म्हणालं?"

"शेवंताच बोलली. आमी तिघी इचारत व्हतो तिला, आमचं कसं काय नाय म्हणून. तर म्हणाली, पोराला काय बोलू नका गो. त्यानं लय खटपट केली. पन त्या मशीनला सासर लागतंच, त्याबिगर ते घेत नाय. त्याचा काय दोष नाय."

आत्ये, तू माझी बाजू घेत फिरलीस? मी तुला मारलेली थाप तू खरी धरलीस, का थाप आहे हे ओळखून माझ्यावर पांघरूण घातलंस? मला हे आता कधीच कळणार नाही. तू पन्नास वर्षं डोळ्यांनी माणसं वाचलीस. माझं तोंड तुला वाचता आलं नसेल असं मला वाटत नाही. तिथंच पडवीच्या खांबाला धरून मी रडलो, एवढा बाप्या, भर दुपारी. तुला खांदा देताना रडलो नव्हतो.

"मशीन घेत होतं, सुंदरबाय," मी म्हणालो. "मी घेतलं नाही. मला भीती वाटली. मी आत्याला खोटं सांगितलं."

 तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, घोंगडी ओढून दिली आणि म्हणाली, "बस. उभ्यानं काय लिवणार?"

मी बसलो. मशीन सुरू होईपर्यंत विचारलं, "आत्याचं सासरचं नाव तुला माहीत आहे?"

"म्हाईत हाय."

"सांग, घालतो. तिच्या ओळीत तेवढंच राहिलंय."

"नको," ती म्हणाली. "त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याली तिला खपायची नाय. ते रिकामंच ऱ्हाऊ दे."

ऱ्हाऊ दिलं. मग तिनं विचारलं, "शेवंताचं घातलंस नक्की?"

"घातलं."

"मग माझं तिच्या खाली घाल."

यादी घर नंबरानं लागते. तुझं घर सात, तिचं एकवीस, मध्ये अख्खी दोन पानं. मी तिला हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. क्रमाची ती अट काढून टाकली. आता नावं ज्या क्रमानं भरली त्या क्रमानं छापली जातील. सगळ्यात शेवटी तू, तुझ्याखाली सुंदरबाय. तिथनं वरच्या आळीला गेलो, लक्ष्मीचं घेतलं, मग सगुणाचं. चौघींच्या पुढं सासरच्या गावाचा रकाना कोरा आहे. यादी नानांना पाठवून दिली. सोबत एवढंच लिहिलं की शेवटची चार नावं बघा, ती तशीच छापायची आहेत.

पाठवून अर्धा तास झाला. घरात येरझाऱ्या घालतोय. फोन वाजतोय, आत्ये. नानांचाच आहे. या वेळी मशीनचं नाव सांगणार नाही.